रीफ टँक: तपकिरी थर ओसरला, जांभळे ठिपके आले

माझ्या रीफ टँकची, म्हणजे प्रवाळांसाठीच्या खाऱ्या पाण्याच्या टँकची, सायकल पूर्ण झाली: विषारी अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू त्यात रुजले. अमोनिया शून्य आला तरी मी लगेच मासे आणले नाहीत. बाटलीतला अमोनिया पुन्हा 2 पीपीएमपर्यंत (दशलक्ष भागांत 2 भाग) टाकला आणि 24 तासांनी मोजला, तेव्हा अमोनियाही शून्य होता आणि नायट्राइटही. सुक्या खडकापासून सुरुवात करणाऱ्यांनी ही चाचणी घ्यावीच, कारण त्या खडकावर जिवाणू आयते आलेले नसतात. आणखी एक, नायट्राइट शिल्लक असेपर्यंत नायट्रेटच्या किटवर विसंबू नका, आकडा फुगलेला दिसतो.

मग अपेक्षेप्रमाणे तपकिरी थर आला. वाळू, काच, पंपाचं तोंड, काहीच सुटलं नाही. खरी धाकधूक होती ती हे डायटम (नव्या टँकमध्ये हमखास येणारं सूक्ष्म शैवाल) आहेत की डायनो (डायनोफ्लॅजेलेट, त्रासदायक सूक्ष्मजीव) याची. डायटमचा थर धुळीसारखा बसतो आणि हात फिरवला की उडतो. डायनो चिकट असतात, त्यांच्या तंतूंच्या टोकाला हवेचे बुडबुडे अडकलेले दिसतात, आणि बऱ्याचदा रात्री वाळू स्वच्छ होऊन दिवे लागल्यावर पुन्हा माखते. म्हणून दिवे लागण्याआधी टॉर्च घेऊन वाळू बघत होते. थर रात्रीही जागच्या जागी होता, बुडबुडे नव्हते. डायटमच! त्यांना लागणारं सिलिकेट नव्या वाळूतून आणि खडकातून येतं, ते संपत आलं की थर आपोआप विरळ होतो. या काळात फॉस्फेट काढणारं माध्यम मी मुद्दाम लावलं नाही. नायट्रेट-फॉस्फेट दोन्ही शून्यावर नेलेल्या नव्या टँकमध्ये डायनोंना मोकळं रान मिळतं. माझं फॉस्फेट 0.05 पीपीएमच्या आसपास आहे आणि ते तिथंच राहू दे.

ट्रोकस गोगलगायींनी काच चांगली राखली आहे. उलट्या पडल्या तर त्या स्वतः सरळ होतात, त्यामुळे रोज हात घालून त्यांना उचलावं लागत नाही.

आता खरी बातमी. पाणी टँकमध्ये परत सोडणाऱ्या नळीच्या तोंडाशी भिंगातून पाहिलं तर मोहरीएवढे जांभळे ठिपके, कडा फिकट, खरवडले तरी न निघणारे. कोरलाइन शैवाल, चुन्याचा कडक थर बांधणारं! खडक सुका होता, तेव्हा ते बहुधा गोगलगायींच्या शंखांवरूनच आलं असणार. आणि त्याच सुमारास अल्कलिनिटी (पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचं माप, डीकेएच हे तिचं एकक) आठवडाभरात 8.6 वरून 8.1 डीकेएचवर आली. तोवर ती हलतच नव्हती.

ही घसरण पाहून मला फार आनंद झाला. टँकमध्ये कुणीतरी कॅल्शियम कार्बोनेट बांधायला लागलं आहे. पण कॅल्शियमचं किट तेव्हाही 420 पीपीएमच दाखवत होतं, आणि त्यात काही विसंगत नाही. 1 डीकेएच खर्च होताना कॅल्शियम जेमतेम 7 पीपीएमने घटतं. घरगुती किटची चूकच त्याहून मोठी असू शकते. म्हणून वाढीचा अंदाज घ्यायचा तर अल्कलिनिटीच मोजावी, तीही ठरलेल्या वेळी, त्याच किटने. आकडा 8 असो वा 9, तो स्थिर राहणं प्रवाळांना जास्त मानवतं.

त्यासाठी खारटपणाही स्थिर हवा. उडून जातं ते फक्त पाणी, मीठ मागेच राहतं. त्यामुळे रोजची भर गोड्या आरओडीआय पाण्याचीच (गाळून क्षार काढलेल्या), टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार शून्य असलेल्या. खारटपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर मी 35 पीपीटीच्या (हजार भागांत 35 भाग) द्रावणावर जुळवते. नुसत्या शुद्ध पाण्यावर शून्य लावलं तर वर 35 पाशी चूक राहू शकते.

प्रवाळ सध्या दोनच: झोअँथिडचा तुकडा आणि ग्रीन स्टार पॉलिप. दुसरा वेगळ्या दगडावर, वाळूत एकटा ठेवला आहे, नाहीतर तो मुख्य खडक व्यापून टाकेल. झोअँथिड हाताळताना हातमोजे आणि चष्मा घालाच. काहींमध्ये पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं. असा दगड कधीही उकळू नये, वाफेतूनही विषबाधा होते.

हॅमर प्रवाळ मला मनापासून हवा आहे, पण तो अजून नाही. स्वतःचा सांगाडा बांधणारा जीव आला की अल्कलिनिटीची मागणी वाढणार. आधी पाणीबदलाच्या मिठातून ही घट भरून निघते का ते पाहते. निघाली नाही तर टू-पार्ट डोसिंग (कॅल्शियम आणि अल्कलिनिटीची दोन वेगळी द्रावणं रोज टाकणं) सुरू करेन, आणि आकडा एका रेषेत टिकला की मगच हॅमर.