यादी कोणाच्या हातात?

‘पुढाऱ्यानं सेवक व्हायचं म्हणजे नक्की काय करायचं? झाडू मारायचा? आणि सगळेच सेवक झाले तर निर्णय कोण घेणार?’ तरुण संघाची मुलं विचारतात, महिला मंडळात विचारतात, पास्टोरेट कमिटीवर, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या समितीवर, नव्यानं निवडून आलेले तर हमखास विचारतात. विचारतानाच चेहऱ्यावर दिसतं की उत्तर काहीही आलं तरी ‘बोलायला ठीक आहे हो’ म्हणायची तयारी झालेली आहे. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

बायबलमधला योहान 13 तुम्हाला पाठ आहे, येशू गुरू असून शिष्यांचे पाय धुतो ती गोष्ट पुन्हा सांगत बसत नाही. तिची आपण काय गत केली तेवढं बघा. पुनरुत्थानाच्या सणाआधीचा गुरुवार, सोलापुरात ऊन मी म्हणत असतं. पाय धुऊन घ्यायला बारा जण निवडायचे, तर पहिली नावं कमिटीवाल्यांची. ते घरूनच साबणानं पाय घासून, नवे मोजे घालून येतात. पाळकसाहेब तांब्याभर पाणी ओततात, टॉवेल फिरवतात, फोटो निघतो. भरलेलं घमेलं बाहेर नेऊन ओततो तो चर्चचा शिपाई आणि टॉवेल धुते ती त्याची बायको. करायचंच तर नीट करा. माणशी लिटरभर कोमट पाणी, दर माणसाला नवं. वापरलेल्या पाण्याची बादली वेगळी. मधुमेहवाल्यांचे पाय चोळायचे नाहीत, बोटांच्या बेचक्या मात्र कोरड्या करायच्या. जखम दिसली तर दवाखान्यात कोण नेणार ते तिथंच ठरवायचं. टॉवेलांचंच गाव आपलं, माणशी एक टॉवेल काही जड नाही. पण ज्यानं पाय धुतले त्यानंच ते घरी नेऊन धुवायचे.

या अध्यायात आणखी एक गोष्ट आहे, तिच्यावर प्रवचन क्वचितच होतं. पाय धुऊन झाल्यावर येशू बाह्यवस्त्र घालून पुन्हा आपल्या जागी बसतो आणि सांगतो, तुम्ही मला गुरू आणि प्रभू म्हणता ते बरोबरच आहे. तो गुरूची जागा सोडत नाही. तेव्हा ‘निर्णय कोण घेणार’ ही भीती निदान या अध्यायावर लादू नका.

पूर्वी मी एवढ्यावर थांबायची. हल्ली थांबवत नाही, कारण मंडळी, म्हणजे चर्चचा समाज, चालवताना भांडण होतं ते पायांवरून नव्हे, वाटपावरून. आणि ते भांडण बायबलच्याच प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात, अध्याय 6 मध्ये आहे, पहिल्या सातच वचनांत.

यरुशलेमात मंडळी वाढतेय. विधवांना रोज अन्न दिलं जातं. त्यात ग्रीक बोलणाऱ्या यहुदी विधवा सुटतात, स्थानिक भाषा बोलणाऱ्या सुटत नाहीत. कुरकुर सुरू होते. कोणी मुद्दाम केलं असं लिहिलेलं नाही, आणि खरं दुखणं तिथंच आहे. मुद्दाम न करता माणूस यादीतून कसा सुटतो ते आपल्याकडचं उदाहरण घेऊन बघा.

समजा 40 घरांना महिन्याचा शिधा द्यायचाय. 5 किलो ज्वारी, किलोभर तूरडाळ, लिटरभर तेल. यादी मराठीत, चर्चच्या फलकावर. नाव द्यायचं तर रविवारी मराठी उपासनेनंतर थांबायचं. वाटप शनिवारी सकाळी 11 ला. आता पूर्व भागातली एक तेलुगू बोलणारी विधवा घ्या. विड्या वळून घर चालवते. मराठी बोलते, वाचता येत नाही. ती तेलुगू उपासनेला जाते, म्हणून नाव शेजारणीनं दिलेलं, तेही अर्धवट. शनिवारी सकाळी ती वळलेल्या विड्या मोजून द्यायला आणि नवी पानं-तंबाखू घ्यायला रांगेत. रांग सोडली तर त्या दिवसाचा हिशेब बुडतो. पिशवी तशीच पडून राहते. वहीत तिच्या नावापुढं ‘गैरहजर’. पुढच्या महिन्यात पुन्हा ‘गैरहजर’. तिसऱ्या महिन्यात कोणीतरी सद्भावनेनंच म्हणतं, ‘यांना गरज दिसत नाही, दुसऱ्या कुणाला देऊ,’ आणि नावावर रेघ मारली जाते. कुणाचा दोष काढाल? फलक लावणाऱ्याचा? वही लिहिणाऱ्याचा? सगळ्यांनी आपापलं काम चोख केलंय. ती मात्र तीन भाषांच्या या गावात आपल्याच मंडळीतून उपाशी परतलीय, परतलीय तरी कसली, आलीच नाही.

आता सेवाभावी पुढारी काय करतो? स्वतः पिशवी खांद्यावर घेऊन तिच्या घरी जातो. लोक धन्य धन्य म्हणतात. पुढच्या महिन्यात यादी तीच, वेळ तीच.

प्रेषितांनी, म्हणजे मंडळीचे पुढारी असलेल्या येशूच्या बारा शिष्यांनी, पिशवी उचलली नाही. त्यांनी सगळ्या मंडळीला बोलावलं, माणूस कसा हवा ते सांगितलं (नाव चांगलं, पवित्र आत्म्यानं आणि ज्ञानानं भरलेला), आकडा सांगितला, सात, आणि निवड लोकांवर सोडली. निवडलेली नावं वाचा: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, अंत्युखियाचा नीकलाव. सातही नावं ग्रीक. ग्रीक नाव असलं म्हणजे माणूस बाहेरचाच असं नाही, बारा प्रेषितांतही एक फिलिप्प होताच. पण सातपैकी सात हा मला योगायोग वाटत नाही. ज्यांची तक्रार, त्यांच्याच माणसांच्या हाती वाटप. प्रेषितांनी प्रार्थना करून त्यांच्यावर हात ठेवले, म्हणजे त्यांना कामावर नेमलं, आणि बाजूला झाले.

आपल्याकडे हे बिघडतं ते अर्ध्यात. काम देतो, कोठीची किल्ली देत नाही. ‘यादी तुम्ही करा, सही मी करीन.’ मग ते सात जण नुसते हमाल. द्यायचं तर वहीसकट, किल्लीसकट द्या. किती रुपयांपर्यंत न विचारता खर्च करायचा तो आकडा लिहून द्या. वाटपाचा वार आणि वेळ त्यांनाच ठरवू द्या.

इथं कमिटीतले हुशार लोक मला दुसरं वचन दाखवतात. प्रेषित तिथं म्हणतात, देवाचं वचन सोडून आम्ही पंक्तीची सेवा करावी हे ठीक नाही. ‘मग हे कसले सेवक, बाई?’ खरं सांगायचं तर ते वाक्य मलाही टोचतं. कामाची वाटणी म्हणून ते मी समजून घेते. पण वरचं काम आणि खालचं काम अशी उतरंड त्याच वाक्याच्या आधारानं लावणारे पुष्कळ पाहिलेत, आणि त्यांना खोडून काढता येईल असं निर्णायक उत्तर माझ्याकडे नाही. एवढं दाखवू शकते की ते सात जण पंक्तीत अडकून पडले नाहीत. सातव्या अध्यायात स्तेफन यहुद्यांच्या धर्मसभेपुढं बोलतो आणि दगडमार होऊन मरतो; आठव्यात फिलिप्प शोमरोन प्रांतात येशूची सुवार्ता सांगतो. मग विधवांचं वाटप पुढं कोणी पाहिलं? मजकूर त्याबद्दल गप्प आहे.

कॉलेजातली मुलं रॉबर्ट ग्रीनलीफचं नाव घेऊन येतात. टेलिफोन कंपनीत नोकरी केलेला, क्वेकर या ख्रिस्ती पंथाचा हा अमेरिकन. ‘सर्व्हंट लीडरशिप’ म्हणजे सेवक होऊन पुढारपण, हा शब्द व्यवस्थापनवाल्यांत रुळला तो त्याच्या 1970 च्या निबंधापासून. त्याची कसोटी मात्र कामाची आहे: ज्यांची सेवा केली ती माणसं अधिक मोकळी, अधिक स्वतंत्र झाली का, आणि समाजात जो सगळ्यात मागे आहे त्याचं काय झालं? आपल्या वहीतल्या ‘गैरहजर’ शेऱ्यांना ती लावून बघा.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, की उद्या त्या सातांनीच यादी अडवली तर? अडवतील. सत्ता तेलुगूत बोलली म्हणून गरीब होत नाही. दोन वर्षांची मुदत, हिशेबाचं जाहीर वाचन मराठी, तेलुगू, कन्नड तिन्हींत, आणि नाव कापायचं असेल तर आधी त्या घरी दोघांनी जाऊन यायचं, एवढं करता येतं. पुरेसं आहे असं मी म्हणत नाही. पुढच्या महिन्याचं वाटप निदान संध्याकाळी सातनंतर ठेवा, तेव्हा विड्यांची रांग नसते.