मतदान झालंच नव्हतं, तर पत्रकात छापणार काय?

'खासदारांनी कांदा निर्यातबंदीच्या बाजूने मतदान केलं.' नाशिक जिल्ह्यातल्या लासलगाव-पिंपळगावच्या कांदापट्ट्यात हे वाक्य प्रचारपत्रकावर छापलं, तर वाचणारे दहापैकी नऊजण मान डोलावतील. तरीही ते वाक्य खोटं आहे. ८ डिसेंबर २०२३ पासून लागू झालेली निर्यातबंदी मतदानासाठी संसदेसमोर आलीच नव्हती. परकीय व्यापार (विकास व नियमन) कायदा, १९९२ च्या कलम ३ खाली केंद्र सरकार असा निर्णय घेतं, विदेश व्यापार महासंचालनालय अधिसूचना काढतं आणि कंटेनर बंदरावर थांबतात. ४ मे २०२४ ला बंदी उठली तीही अशीच, अधिसूचनेने. ना सत्ताधारी खासदाराने बटण दाबलं, ना विरोधी खासदाराने.

विद्यमान आमदार-खासदाराला आव्हान देणाऱ्या उमेदवाराची माणसं नेमकी इथे घसरतात. मुद्दा खरा असतो, राग खरा असतो, पण 'मतदान केलं' हे क्रियापद चुकीचं असतं. मग समोरचा उमेदवार कांद्यावर बोलतच नाही. तो फक्त विचारतो, 'कुठल्या तारखेला, कुठल्या विधेयकावर?' पत्रक तिथेच मेलं. म्हणून कुणाच्याही मतदानावर टीका करण्याआधी एकच प्रश्न विचारा: या विषयावर सदस्यांच्या नावानिशी मतदान झालं होतं का?

बहुतेक वेळा उत्तर 'नाही' असं येतं. सभागृहात प्रस्ताव मताला टाकला की अध्यक्ष म्हणतात, अनुकूल असतील त्यांनी 'होय' म्हणावं, प्रतिकूल असतील त्यांनी 'नाही' म्हणावं. आवाज ऐकून निकाल जाहीर होतो. हे आवाजी मतदान. कामकाजवृत्तांतात फक्त 'प्रस्ताव संमत झाला' एवढंच राहतं, कोण काय ओरडलं याची नोंद कुठेच नसते. राज्यातलं सरकारसुद्धा असं तरलेलं आहे: १२ नोव्हेंबर २०१४ चा विश्वासदर्शक ठराव विधानसभेत आवाजी मतदानाने संमत झाला आणि त्यावर मोठा गदारोळ उठला. २०२० चे शेतीविषयक कायदेही आवाजी मतदानानेच संमत झाले. २० सप्टेंबर २०२० ला राज्यसभेत विरोधक मतविभागणी, म्हणजे प्रत्येकाचं मत वेगळं मोजणं, मागत राहिले, ती मिळाली नाही. कांदा ज्या जीवनावश्यक वस्तू कायद्यात येतो, त्याची दुरुस्तीही त्याच अधिवेशनातली. त्यामुळे 'यांनी त्या कायद्याला मत दिलं' असं एखाद्या सदस्याबद्दल नावानिशी सिद्ध करणं जवळजवळ अशक्य आहे. 'त्या चर्चेत ते बोलले नाहीत' किंवा 'बोलले आणि पाठिंबा दिला' हे मात्र वृत्तांतातून पानासकट दाखवता येतं.

निर्यातशुल्काचं प्रकरण थोडं वेगळं आहे आणि बहुतेकांच्या नजरेतून सुटतं. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागलं. सीमाशुल्क दर कायदा, १९७५ च्या कलम ८ खाली सरकारने तातडीने असं शुल्क लावलं, तर ती अधिसूचना संसदेपुढे ठेवावी लागते आणि लोकसभेपुढे ठेवल्यापासून १५ दिवसांत मंजुरीचा ठराव मांडावा लागतो. म्हणजे बंदीवर खासदाराला बोलायला संधी नव्हती असं कुणी म्हणालं, तरी शुल्काबाबत कायद्याने एक दार ठेवलेलं आहे. अशा ठरावाच्या दिवशी आपला खासदार कुठे होता, बोलला का, हे कामकाजवृत्तांतातून काढा. बंदीच्या नावाने खोटं छापण्यापेक्षा हा प्रश्न कितीतरी जास्त बोचतो.

नावानिशी नोंद असते ती मतविभागणीत. लोकसभेत कुणीही सदस्य आवाजी निकालाला आव्हान देऊ शकतो. लॉबी रिकामी होते, दारं बंद होतात आणि बटणं दाबली जातात. पण यात एक फट आहे: मागणी अनावश्यक वाटली तर अध्यक्ष सदस्यांना जागेवर उभं करून नुसती मोजणी करू शकतात, आणि तशा मोजणीत नावं नोंदवली जात नाहीत. घटनादुरुस्तीला हे लागू होत नाही. तिथे विशेष बहुमत लागतं, त्यामुळे मतविभागणी होतेच. २० सप्टेंबर २०२३ ला महिला आरक्षणाचं विधेयक लोकसभेत ४५४ विरुद्ध २ मतांनी संमत झालं. एप्रिल २०२५ मध्ये वक्फ दुरुस्ती विधेयक साधं असूनही मतविभागणीला गेलं आणि २८८ विरुद्ध २३२ असा निकाल लागला. अशा विषयांवर कुठल्याही खासदाराचं मत नावानिशी तपासता येतं.

तरी इथेही सभागृहात निकाल दाखवणाऱ्या फलकाचा फोटो वापरू नका. फलकावर येणारे आकडे दुरुस्तीच्या अधीन असतात. कुणाचं यंत्र चाललं नाही, कुणी चुकीचं बटण दाबलं, अशी मतं चिठ्ठीने नोंदवली जातात आणि छापील वृत्तांतात तळटीप म्हणून येतात. टीव्हीवरच्या चित्रावरून 'गैरहजर' छापलं आणि तळटिपेत त्यांचं नाव निघालं, तर माफी मागायची वेळ तुमची. दुसरी चूक त्याहून मोठी: मतविभागणी नेमकी कशावर झाली होती? विधेयक विचारात घेण्याच्या प्रस्तावावर, एखाद्या दुरुस्तीवर, एखाद्या खंडावर की अंतिम संमतीवर? विरोधकाने मांडलेली दुरुस्ती फेटाळायला 'नाही' म्हणणारा सदस्य मूळ विधेयकाच्या बाजूचा असू शकतो. त्या 'नाही'ला विधेयकाचा विरोध म्हणणं ही फसवणूक आहे आणि ती पकडली जाते.

विधानसभेकडे वळू, कारण नाशिक जिल्ह्यातल्या १५ मतदारसंघांत खरी लढाई तिथेच होते. विधानसभेत मतविभागणी विरळाच. झाली तर विश्वासदर्शक ठरावासारख्या प्रसंगी, तीही शिरगणतीने. जुलै २०२२ चं उदाहरण प्रत्येक प्रचारप्रमुखाने लक्षात ठेवावं. ३ तारखेला अध्यक्षपदाच्या निवडणुकीत निकाल १६४ विरुद्ध १०७ होता, ४ तारखेला विश्वासदर्शक ठरावावर १६४ विरुद्ध ९९. एका दिवसात विरोधातली आठ मतं कमी झाली. त्यातले काहीजण वेळेत न पोहोचल्याने बंद दाराबाहेर राहिले होते. गैरहजर, तटस्थ आणि विरोधात या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पत्रकात त्या वेगळ्याच लिहा, आणि गैरहजेरीचं कारण जाहीर झालं असेल तर तेही लिहा. ते लपवलं की उरलेली सगळी माहिती संशयास्पद होते.

१० जुलै २०२५ ला विधानसभेने जनसुरक्षा विधेयक आवाजी मतदानाने संमत केलं. उघड विरोध नोंदवला तो डहाणूचे माकपचे आमदार विनोद निकोले यांनी. आता नाशिकमधल्या एखाद्या आमदाराबद्दल 'यांनी जनसुरक्षा कायद्याला मत दिलं' असं लिहिता येईल का? माझ्या मते नाही, मग तो आमदार सत्ताधारी असो की विरोधी. लिहिता येईल ते असं: 'विधेयक आवाजी मतदानाने संमत झालं. आपल्या आमदारांनी चर्चेत भाग घेतला नाही, दुरुस्ती सुचवली नाही, मतविभागणी मागितली नाही.' यातला प्रत्येक तुकडा वृत्तांतातून तपासून घ्या, जो खरा निघेल तोच ठेवा. मतविभागणी न मागणं ही निवड असते. त्या निवडीबद्दल जाब विचारणं हा मतदाराचा पूर्ण हक्क आहे आणि आपल्याकडच्या प्रचारात तो फार कमी वापरला जातो.

समोरून उत्तर ठरलेलं येतं: 'व्हिप होता', म्हणजे कसं मत द्यायचं याचा पक्षादेश होता. ते खोटं नाही. राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीप्रमाणे (पक्षांतरबंदीची तरतूद) पक्षादेश मोडून मत दिलं किंवा तटस्थ राहिलं आणि पक्षाने १५ दिवसांत माफ केलं नाही, तर सदस्यत्व जाऊ शकतं. पण सर्वोच्च न्यायालयाने १९९२ च्या किहोतो होलोहन निकालात या तरतुदीचा आवाका आवळला आहे. सरकारच्या अस्तित्वाचा प्रश्न असेल किंवा ज्या धोरणावर पक्षाने मतं मागितली तो विषय असेल, तिथेच असा पक्षादेश अपेक्षित आहे. शिवाय व्हिप मताला बांधतो, तोंडाला नाही. प्रश्न विचारायला, लक्षवेधी सूचना लावायला, भाषणात शेतकऱ्याची बाजू मांडायला कुठल्याही व्हिपने अडवलेलं नसतं. व्हिपच्या उत्तरावर हाच प्रतिप्रश्न ठेवा.

प्रश्न मोजतानाही जपून. विधानसभेच्या तारांकित (सभागृहात तोंडी उत्तराच्या) प्रश्नांच्या यादीत एकाच प्रश्नावर अनेक आमदारांची नावं, कंसात मतदारसंघ, अशी लांबलचक ओळ असते. यादीतलं नाव म्हणजे सभागृहात उभं राहून विचारलेला प्रश्न नव्हे. कित्येक प्रश्न पुकारलेच जात नाहीत, त्यांची छापील उत्तरं तेवढी पटलावर येतात. त्यामुळे 'पाच वर्षांत अमुक शे प्रश्न' हा विद्यमान आमदाराचा दावा आणि 'फक्त अमुकच' हा तुमचा आरोप, दोन्ही पोकळ निघू शकतात. मतदारसंघाशी संबंधित दहा प्रश्न निवडा आणि उत्तर वाचा. 'हे अंशतः खरे आहे', 'प्रश्न उद्भवत नाही' अशा उत्तरांवर आमदाराने उपप्रश्न विचारला का, ते बघा. मंत्र्याने सभागृहात आश्वासन दिलं असेल तर त्याचा पाठपुरावा केला का, तेही.

आणि मंत्र्यांचे प्रश्न मोजू नका. मंत्री प्रश्न विचारत नाहीत, उत्तरं देतात. दिंडोरीच्या तत्कालीन खासदार भारती पवार जुलै २०२१ मध्ये केंद्रात राज्यमंत्री झाल्या. त्यानंतरच्या काळात त्यांच्या नावावर प्रश्न नसणं हा दोष ठरत नाही. दिंडोरीचेच आमदार नरहरी झिरवाळ २०२० पासून विधानसभेचे उपाध्यक्ष होते, तिथेही काम चालवणाऱ्याकडून प्रश्नांची सरासरी मागण्यात अर्थ नाही. मंत्र्यावर टीका त्याच्या खात्याच्या निर्णयांवरून करावी. हजेरीपटाचंही तसंच: मंत्री सही करत नाहीत, आणि सही केलेला सदस्य दिवसभर बसला होता असंही सिद्ध होत नाही.

सगळ्यात अप्रामाणिक प्रकार अर्थसंकल्पाच्या बाबतीत चालतो. विरोधी आमदाराने विनियोजन विधेयकाला विरोध केला की 'यांनी नाशिकच्या पाण्याचा निधी रोखायला मत दिलं' असं छापायचं. त्या विधेयकात राज्याचा सगळा खर्च असतो. त्यातला एक आकडा उचलून विरोध त्याच्या गळ्यात बांधणं म्हणजे मतदाराला अडाणी समजणं. आपल्या बाजूच्या उमेदवाराने हे केलं तरी थांबवा. महापालिकेतल्या माजी नगरसेवकांबद्दलही हीच खबरदारी: मार्च २०२२ मध्ये नाशिक महापालिकेची मुदत संपून प्रशासक आले, त्यामुळे प्रशासकाच्या काळातल्या निर्णयांवर कुठल्याच नगरसेवकाचं मत नाही.

काम कसं करायचं? आचारसंहितेच्या निदान तीन महिने आधी सुरुवात. एका वहीत किंवा एक्सेलमध्ये प्रत्येक विषयाला एक ओळ: तारीख, अधिवेशन, विधेयकाचा क्रमांक, टप्पा, आवाजी की मतविभागणी, सदस्याने काय केलं, वृत्तांताचं पान. पानाचा रकाना रिकामा असेल तर ती ओळ पत्रकात जाणार नाही, हा नियम मोडू नका. एकाने भरायचं, दुसऱ्याने मूळ कागद उघडून तपासायचं, दोघे एकच माणूस नकोत. संकेतस्थळावर न सापडलेल्या गोष्टीसाठी विधानमंडळ सचिवालयाकडे माहिती अधिकाराचा अर्ज टाका. उत्तराला ३० दिवस लागतात आणि अपील करावं लागलं तर आणखी, म्हणून ऐन निवडणुकीत अर्ज टाकून उपयोग नसतो. गोळा केलेल्या तीस मुद्द्यांतले तीन छापा. सिडको-सातपूरला कामगारांचा विषय, निफाड-चांदवडला कांदा-द्राक्षाचा, इगतपुरीला धरणग्रस्तांचा. एकच पत्रक सगळीकडे वाटलं की ते कुणाचंच राहत नाही.

छापताना लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२७क पाळा: मुद्रक आणि प्रकाशक दोघांची नावं-पत्ते पत्रकावर हवेत, प्रकाशकाच्या ओळखीच्या दोन माणसांनी साक्षांकित केलेलं घोषणापत्र मुद्रकाकडे दोन प्रतींत द्यायचं, आणि मुद्रकाने त्याची एक प्रत पत्रकासह जिल्हादंडाधिकाऱ्यांना पाठवायची. मोडलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. झेरॉक्स काढली म्हणून सुटका नाही. हाताने लिहिलेली नक्कल सोडून सगळं यात येतं. टीव्ही, रेडिओ, समाजमाध्यमांवरच्या जाहिराती आणि एकगठ्ठा एसएमएसला माध्यम प्रमाणन समितीची पूर्वमंजुरी लागते. उमेदवाराने अर्ज प्रसारणाच्या किमान तीन दिवस आधी करायचा. पत्रकाचा खर्चही उमेदवाराच्या खात्यात धरला जातो, विधानसभेला ४० लाख आणि लोकसभेला ९५ लाख ही मर्यादा आहे.

मजकुराबद्दल आचारसंहिता स्पष्ट आहे: टीका धोरण, कार्यक्रम, मागची कामगिरी आणि काम यांवर करा, सार्वजनिक कामाशी संबंध नसलेल्या खासगी आयुष्यावर नको. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(४) खाली उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याबद्दल किंवा वर्तनाबद्दल जाणूनबुजून केलेलं खोटं विधान हा भ्रष्ट आचार ठरतो. ४५ दिवसांच्या आत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका आली आणि ते सिद्ध झालं, तर जिंकलेली जागा जाते. 'पैसे घेऊन गप्प बसले' हे वाक्य याच खड्ड्यात पडतं, 'गप्प बसले' हे पडत नाही. सभागृहावर किंवा अध्यक्षांच्या निर्णयावर हेतूचा आरोप केला तर हक्कभंगाची नोटीस येऊ शकते, म्हणून रोख सदस्याच्या कृतीवरच ठेवा.

कोपरासभेला बोलणाऱ्याच्या हातात पत्रकाबरोबर त्या तीन मुद्द्यांच्या वृत्तांतातल्या पानांच्या छायाप्रतीही द्या. समोरून कुणी 'दाखव' म्हणालं की तिथल्या तिथे दाखवायच्या, आणि ज्या विषयाचं पान हातात नाही त्यावर त्या सभेत बोलायचं नाही.