कंटेनर उतरवताना अंगावर घालायचा सूट: माझा अनुभव

भिवंडीच्या गोदामपट्ट्यात सुट्टा माल भरलेला 40 फुटी कंटेनर लागला की पॅलेट ट्रक दारातच थांबतो. आत पॅलेट नसतंच. तळापासून छतापर्यंत खोक्यांची थप्पी, साधारण 18 किलोचं एकेक खोकं, हजाराच्या आसपास नग, आणि उतरवायला चार माणसांची टोळी. खालच्या थरासाठी घोट्यापर्यंत वाकायचं, वरच्यासाठी डोक्यावर हात न्यायचे. या कामासाठी आम्ही पाठीला आधार देणारे एक्सोस्केलेटन (अंगावर बाहेरून चढवायचा सांगाडा) सूट सहा आठवडे वापरून पाहिले. दोन प्रकार, चार नग, अकरा माणसं. माप घेण्यापासून ते धुण्यापर्यंत सगळं माझ्या हातून गेलं, म्हणून नीट लिहून ठेवतो.

आधी एक गैरसमज. कामगारांनी पहिल्याच दिवशी त्याला ‘बेल्ट’ म्हणायला सुरुवात केली, पण औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या कमरपट्ट्याशी याचं नातं नाही. तो पट्टा पोट आवळतो, भार उचलत नाही. अशा पट्ट्यांमुळे निरोगी कामगाराच्या पाठीची दुखापत टळते याला पुरावा नाही, असं अमेरिकेच्या नायोश या कामगार-आरोग्यावर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेने 1994 मध्येच सांगून ठेवलंय. सूटमध्ये स्प्रिंग किंवा इलॅस्टिक असतं. वाकताना ते ताणलं जातं आणि उठताना साठलेली ताकद परत देतं. मोटर नाही, बॅटरी नाही. मोटरवाले आणि हवेच्या दाबावर चालणारे सूटही मिळतात. जर्मन बनावटीचा क्रे एक्स बॅटरीवर चालतो. जपानचा मसल सूट हातपंपाने हवा भरून वापरतात. पण पुठ्ठ्याची धूळ, चार्जिंगची शिस्त आणि अंगावरचं जादा वजन पाहून आम्ही त्या वाटेला गेलो नाही. (1960 च्या दशकात जनरल इलेक्ट्रिकने ‘हार्डिमन’ नावाचा असा सांगाडा बनवायला घेतला होता. त्याचंच वजन 680 किलो! अख्खा सांगाडा कधी धड चालला नाही, शेवटी एका हातावर काम थांबलं.)

आमच्याकडचा पहिला प्रकार गादी-दांड्यांचा. छातीवर एक गादी, दोन्ही मांड्यांवर एकेक, आणि खुब्यापाशी स्प्रिंगचा सांधा. वजन तीन किलोच्या आत. दुसरा कापडी. वर बंडी, खाली मांड्यांचे पट्टे, मधे पाठीवरून जाड इलॅस्टिक, सगळं मिळून दीड किलो.

सूट नेमकं किती काम करतो, हा हिशोब खरेदीआधी करावा. 65 किलोचा माणूस जमिनीवरचं 18 किलोचं खोकं उचलायला वाकतो तेव्हा खोक्यामुळे कमरेच्या सर्वांत खालच्या मणक्यापाशी साधारण 80 न्यूटन-मीटरचा पीळ (म्हणजे पुढे वाकवणारा जोर) येतो. त्याच्या स्वतःच्या धडाचा, डोक्याचा आणि हातांचा पीळ त्याहून जास्त, सुमारे 100. एकूण 180. हे सगळं पाठीचे स्नायू पेलतात आणि ते मणक्यापासून जेमतेम 6 सेंटिमीटरवर असतात. म्हणजे स्नायूंना 3,000 न्यूटन ओढ लावावी लागते आणि ती सगळी ओढ मणक्याला दाबते. नायोशने मणक्यावरच्या दाबाची मर्यादा 3,400 न्यूटन धरली आहे, यावरून अंदाज येईल. आता सूटने 30 न्यूटन-मीटरचा आधार दिला असं धरू. छातीची गादी कमरेपासून 35 सेंटिमीटर वर असल्याने तिला छातीवर फक्त साडेआठ-नऊ किलोइतका दाब द्यावा लागतो. पण तेवढ्याने स्नायूंची ओढ 500 न्यूटनने, म्हणजे सुमारे 50 किलोने कमी होते. लांब तरफेचा हा फायदा आहे.

या हिशोबातून दोन गोष्टी निघतात. एक, सूट एकूण भाराचा सहावा हिस्सा उचलतो, बाकी पाच हिस्से तुमचेच. सूट आला म्हणून 18 चं खोकं 25 चं करायचं नाही. दुसरी, वाकण्यातला मोठा वाटा स्वतःच्या अंगाचा असल्यामुळे हातात काही नसतानाही सूट तितकाच आधार देतो. जिथे माणूस बराच वेळ ओणवा राहतो, तिथे त्याचा गुण जास्त दिसतो.

म्हणूनच बाजार समितीतल्या हमालीला हा सूट लागू पडत नाही. तिथे 50 किलोचं पोतं दोघं मिळून तिसऱ्याच्या पाठीवर चढवतात आणि तो ताठ नाहीतर किंचित झुकून चालतो. भार पाठीवरून सरळ पायात उतरतो. सूटचा स्प्रिंग अशा वेळी काहीच करत नाही, उलट मांडीची गादी पाऊल टाकताना अडते आणि पाठीवरच्या दांड्या पोत्याखाली रुततात. वाराईच्या (माल चढवण्या-उतरवण्याच्या) टोळीसाठी सूट विचारणाऱ्यांना मी सरळ नाही सांगतो. तिथे पोतं लहान करणं हाच उपाय आहे. साखरेचं आणि धान्याचं 100 किलोचं पोतं 50 वर आलं, त्याने माथाड्यांच्या पाठीचं जे भलं झालं ते कुठल्या सूटने होणार नाही.

सूट मागवण्याआधी आम्ही किती वजन उचलणं सुरक्षित हे सांगणारं नायोशचं 1991 चं सूत्र लावून पाहिलं, आणि हा भाग कुणी गाळू नये. सूत्र 23 किलोपासून सुरू होतं आणि परिस्थिती जितकी वाईट तितकी कात्री लावत जातं. आमचं खोकं अंगापासून 40 सेंटिमीटरवर (गुणक 0.625), हात जमिनीपासून 20 वर (0.835), उचल 60 सेंटिमीटरची (0.895), खोकं ठेवायला अंग 45 अंशांत वळतं (0.856), खोक्याला धरायला काही नाही (0.90), मिनिटाला सहा उचली, दोन तासांपर्यंत (0.50). उत्तर आलं 4.1 किलो. आपण उचलतोय 18, म्हणजे चौपटीहून जास्त. मग तेच गणित खोकं 75 सेंटिमीटर उंचीवर, अंगाजवळ 30 वर, उचल 25 च्या आत आणि अंग न वळवता केलं. उत्तर 8.6. सूट न घालताच धोका निम्म्यावर. त्यामुळे पहिला खर्च सूटवर न करता कंटेनरच्या आत शिरणाऱ्या लांबत्या रोलर कन्व्हेयरवर आणि वर उभं राहायच्या दोन ठेंगण्या पायपाटांवर केला. रोलर खोक्याच्या शेजारी आल्यावर चालणं आणि वळणं दोन्ही गेलं. सूट उरलेल्या खालच्या तीन थरांपुरता. हेच सूत्र सूट घातल्यावर पुन्हा लावू नका, ते त्यासाठी बनवलेलं नाही.

आता अंगावर चढवणं. सगळं यश इथे ठरतं आणि घाईही इथेच होते. खांद्याचे पट्टे सैल ठेवून सूट अंगात घालायचा. कमरपट्टा पोटावर न बांधता दोन्ही बाजूंच्या कटीच्या हाडांवर टेकवायचा. मग सांधा जुळवायचा. एका पायावर उभं राहून दुसरा गुडघा वरखाली केला की खुब्याच्या बाजूला हाडाचा गोल उंचवटा हाताला लागतो. सांध्याचा खिळा बरोबर त्यावर यायला हवा. दोन बोटं वर राहिला तर वाकताना छातीची गादी गळ्याकडे सरकते, खाली राहिला तर मांडीची गादी गुडघ्याकडे घसरते. मांडीची गादी गुडघ्याच्या वर वीतभर. छातीची गादी उभं असताना नुसती टेकलेली, मागे दोन बोटं जातील इतकी. शेवटी खांद्याचे पट्टे. मग स्प्रिंग चालू करून पाच वेळा रिकामं वाकायचं आणि एकदा पायरी चढायची. पहिल्यांदा 15 मिनिटं लागतात. आठवड्याभरात माणूस दोन मिनिटांत स्वतः घालतो, पण तेव्हाच सांधा जुळवण्याचा कंटाळा सुरू होतो. प्रत्येकाच्या पट्ट्यावर त्याच्या मापाची खूण ऑइल पेंटने केल्यावर हा प्रश्न मिटला.

खिसे रिकामे हवेत. मांडीच्या गादीखाली मोबाइल किंवा तंबाखूची डबी राहिली तर तासाभरात काळानिळा डाग उठतो. आणि ज्या गोष्टीचा परदेशी माहितीपत्रकात उल्लेख असणं शक्यच नव्हतं ती म्हणजे करगोटा. दोघांनी तिसऱ्या दिवशी कमरेला ‘काहीतरी चावतंय’ सांगितलं. पाहिलं तर करगोट्याची गाठ आणि तिला बांधलेली पेटीची किल्ली नेमकी कमरपट्ट्याखाली. गाठ पोटाकडे फिरवली, किल्ली काढून ठेवायला सांगितली, तक्रार संपली.

पहिल्या दिवशी अर्धा तास, दुसऱ्या दिवशी एक, पहिल्या आठवड्याअखेर दोन, आणि पुढे फक्त खालच्या थरांच्या वेळी. पहिल्याच दिवशी पूर्ण पाळी घातली की मांड्या आणि छाती दुखतात आणि माणूस पुन्हा सूटकडे वळत नाही. हर्निया असलेल्यांना, पोटाचं ऑपरेशन नुकतंच झालेल्यांना, गरोदर बाईला आणि मणक्याचा इलाज चालू असलेल्यांना डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घालू देऊ नये. आमच्या यादीतली दोन नावं याच कारणाने गळली.

उकिडवं बसणं ही वेगळीच अडचण. पूर्ण खाली बसलं की स्प्रिंग सर्वांत जास्त ताणला जातो आणि माणसाला मागे ढकलतो. संडासला जाताना सूट काढायचा, जेवायला मांडी घालून बसताना काढायचा, फोर्कलिफ्टवर तर चालूच द्यायचा नाही. कापडी प्रकारात खांद्याजवळच्या कळीने इलॅस्टिक सुटं होतं, त्यामुळे चालताना-बसताना तो अंगाला जाणवत नाही. टोळीने सहा आठवड्यांच्या शेवटी हाच पसंत केला, जरी त्याचा आधार थोडा कमी वाटला तरी. डॉकवरून उडी मारायची सवय मात्र दोन्ही प्रकारांत मोडावी लागते, दांडी कठड्याला आपटते. प्लास्टिक फिल्मचा लोंबता तुकडा बकलात अडकून एक माणूस तोंडघशी पडता पडता राहिला. तेव्हापासून सुटे पट्टे टोकाला गुंडाळून चिकटपट्टी मारतो आणि सगळ्यांकडून दहा सेकंदांत सूट काढून टाकण्याचा सराव करून घेतो.

उकाडा ही खरी परीक्षा. मे महिन्यात दुपारी पत्र्याच्या कंटेनरमध्ये छातीच्या गादीखालचा सदरा पाचव्या मिनिटाला भिजतो. आत सुती बनियन हवंच, दाराशी पंखा हवा, आणि दुपारी 12 ते 4 सूट नाही असा नियमच केला. अस्तर प्रत्येकाचं वेगळं, नावासकट. एकाच्या घामाचं अस्तर दुसऱ्याला देणं म्हणजे गजकर्णाला आमंत्रण. चार सूटना म्हणून बारा अस्तरं घेतली. ती साध्या साबणाने हाताने धुवायची, पिळायची नाहीत. पावसाळ्यात फोमची गादी सुकायला दोन-दोन दिवस घेते आणि ओली घडी करून ठेवली की बुरशी. वेल्क्रोत पुठ्ठ्याचा भुसा आणि सुतळीचे धागे बसतात, पकड जाते. जुना टूथब्रश आणि बारीक दातांची फणी सूटच्या खुंटीलाच टांगली आहे.

उपयोग झाला की नाही ते कसं ठरवायचं? आम्ही पाळीच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी कंबर, मांड्या, छाती आणि मान यांचा शीण 0 ते 10 मध्ये विचारला, सूट असलेल्या आणि नसलेल्या दिवशी. फक्त कंबर विचारली तर भार दुसरीकडे गेलेला कळत नाही. विचारायचं मुकादमाच्या माघारी. त्याच्यासमोर सगळ्यांचंच ‘बरं आहे’. कंबरेचा आकडा बहुतेकांचा उतरला, तिघांच्या मांड्यांचा चढला. त्यातल्या दोघांचं कारण चुकीचं माप निघालं. प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत पाठीच्या स्नायूंचं काम 10 ते 40 टक्क्यांनी घटल्याचं दिसतं, पण तिथे माणूस ठरावीक खोकं ठरावीक जागेवरून उचलतो, घामेजत नाही आणि रोलर अडकला म्हणून शिव्याही घालत नाही.

पैशाचं गणित आधी बोलून घ्यावं. टोळीला कंटेनरमागे मजुरी मिळते. पहिल्या आठवड्यात सूटमुळे काम मंदावतं, म्हणजे त्यांच्या खिशाला चाट. तेवढे दिवस रोजावर पैसे दिले. उलट बाजूने, ज्याचा माल होता त्या कंपनीच्या साहेबांनी दुसऱ्याच आठवड्यात ‘आता त्रास कमी, तर तासाला खोकी वाढवा’ सुचवलं. ते मान्य केलं असतं तर सूटने वाचवलेली पाठ वेगाने खाल्ली असती. कामाचं प्रमाण वाढणार नाही आणि सूट घालणं ऐच्छिक राहील, हे चाचणीच्या कागदावर सहीसकट लिहून घेतलं होतं म्हणून निभावलं.

खांद्याच्या सूटचाही विषय निघाला. फोर्डने 2017 पासून गाडीच्या खालून हात वर करून काम करणाऱ्यांना असे सूट दिले, ह्युंदाईनेही स्वतःचा बनवला. जिथे हात दिवसभर वर असतात तिथे तो चालतो. आमच्याकडे वरचे दोन थर संपले की हात खाली, आणि मग प्रत्येक वेळी स्प्रिंगविरुद्ध हात दाबून खाली आणायचे. नमुना अर्ध्या दिवसात परत केला. वरच्या थरासाठी पायपाटच बरा.

चारपैकी दोन सूट, दोन्ही कापडी, आम्ही ठेवले. गंमत म्हणजे त्यातला एक आता कंटेनरपाशी नसतोच. परत आलेला माल ठेंगण्या टेबलावर तपासणाऱ्या बाईंच्या खुंटीला तो असतो. पाळीत पाच-सहा तास ओणव्याने लेबलं वाचायची, हातात जेमतेम किलोभर वजन. टेबल 15 सेंटिमीटर उंच करायची मागणी मी दिली आहे. पाय मागवलेत, आले की तो सूटही रिकामा होईल.