उतारावरचे लाकडी घर आणि पाच सेंटीमीटरची फट

स्वित्झर्लंडच्या ग्राउब्युंडन भागातील एका डोंगरउतारावर सुट्टीसाठी बांधायच्या घराच्या आराखड्यावर मी वर्षभर काम करीत आहे. त्यातील सर्वाधिक वेळ खाल्ला तो दरीकडच्या मोठ्या खिडकीच्या वरच्या एका फटीने.

आकाराचा प्रश्न कायद्यानेच सोडवला. ज्या गावात २० टक्क्यांहून अधिक घरे अशी दुय्यम वापराची आहेत, तेथे मार्च २०१२ च्या सार्वमतानंतर नवे सुट्टीचे घर बांधणे जवळपास अशक्य झाले आहे. आमच्या जागेवर त्याआधीचे जुने घर उभे असल्यामुळे त्याचे मुख्य वापराचे क्षेत्रफळ ३० टक्क्यांपर्यंत वाढविण्याची मुभा मिळाली, आणि नकाशावरचे निम्मे वाद तिथेच मिटले.

मालकांना भरीव लाकडाच्या भिंती हव्या होत्या. आडव्या तुळया एकावर एक रचून कोपऱ्यांत खाचांनी एकमेकींत अडकविण्याच्या या पद्धतीला तेथे ‘स्ट्रिकबाउ’ म्हणतात, शब्दशः विणकामच. फाल्सच्या वर, लाइस या वस्तीत स्विस वास्तुकार पीटर झुमथोर यांनी याच पद्धतीने घरे बांधून त्यांना भल्यामोठ्या खिडक्या दिल्या आहेत. ती पाहून मालक भारावले. मी मात्र मनातल्या मनात हिशेब करू लागलो.

लाकूड तंतूंच्या लांबीत जवळजवळ आकसत नाही, पण तंतूंच्या आडव्या दिशेने आकसते. त्यामुळे उभा खांब आहे तेवढाच राहतो आणि आडव्या तुळयांची भिंत मात्र सुकत, भाराने दबत, पहिल्या काही वर्षांत काही सेंटीमीटर खाली बसते. म्हणून खिडकीची चौकट भिंतीला ठोकायची नाही. ती खोबणीत सैल बसवायची, वर पाच सेंटीमीटर जागा सोडून तीत मेंढीची लोकर भरायची, आणि झाकणारी फळी फक्त वरच्या तुळईला खिळायची, म्हणजे भिंत उतरेल तशी तीही चौकटीवरून खाली सरकेल. माझ्या पहिल्या आराखड्यात जिना दोन्ही टोकांना पक्का जखडलेला होता. सुताराने पेन्सिलीने वरच्या बोल्टवर फुली मारली आणि म्हणाला, “नाहीतर दोन वर्षांनी हा जिना मजला उचलून धरील.”

डोंगरात गेलेला भाग काँक्रीटचाच आहे, कारण ओली माती आणि महिनोन्‌महिने साचणारा बर्फ लाकडाला टेकू देणे शहाणपणाचे नाही.

वाद उरला आहे रंगाचा. बाहेरच्या लार्च या सूचिपर्णी झाडाच्या फळ्या मला तशाच ठेवायच्या आहेत, मालकीणबाईंना रंग हवा आहे. तूर्त जुन्या घरावर दोन नमुना-फळ्या ठोकल्या आहेत: दक्षिणेची उन्हाने तपकिरी पडू लागली आहे, उत्तरेची अजून नव्यासारखीच दिसते.