सोफा आधी उलटा करून बघतो

आमच्या कामाची सुरुवात गादीपासून झाली. सोलापुरात मंगळवार पेठेत सासऱ्यांचं गाद्यांचं दुकान होतं. कापूस पिंजायचा, खोळीत भरायचा, दाभणाने टाके घालायचे. लग्न होऊन आले तशी मी खोळी शिवायला मशीनवर बसले. पुढे फोमच्या तयार गाद्या आल्या, पिंजणं आटलं, तेव्हा आम्ही सोफ्याच्या कामाला हात घातला.

पाटीवर लिहिलं होतं, 'सोफा, कुशन, कव्हर'. हे शब्द आम्ही कसेही वापरायचो, आणि तेच अंगाशी आलं. एका लॉजच्या बारा खुर्च्या आल्या. कोटेशनमध्ये मी 'नवीन कव्हर' लिहिलं, दरही कव्हराचाच लावला. मालकांनी मात्र खुर्च्या आतूनही नव्या होणार असं धरलं होतं. जुनं कापड सोडवलं तर फोमचा पिवळा भुगा हातावर पडला, खालचे पट्टे लोंबत होते. शब्द माझाच मोघम होता. पदरचे पैसे घालून बाराही खुर्च्या आतून भरून दिल्या.

तेव्हापासून काम घेण्याआधी फरक सांगते. कव्हर म्हणजे अंगरखा, काढून धुता येतो. कुशन म्हणजे सुटी बैठक किंवा उशी. पडदे, चादरी, टेबलक्लॉथ हे सगळं फर्निशिंग. टेपेस्ट्री म्हणजे मुळात भिंतीवर टांगायचं, चित्र विणलेलं कापड; आपल्या बाजारात सोफ्याच्या जाड कापडालाही तेच म्हणतात. आणि अपहोल्स्टरी म्हणजे लाकडाच्या सांगाड्यावर बसण्याजोगं अंग चढवणं. आधी ताणलेले पट्टे, मग स्प्रिंगा, तरट, फोम, त्यावर वॅडिंगचा, म्हणजे कापसासारख्या मऊ तंतूंचा, पातळ थर, आणि सगळ्यात शेवटी कापड. जुन्या इंग्रजीत 'अपहोल्डर' म्हणजे वापरलेलं सामान दुरुस्त करून विकणारा. लंडनमधला त्यांचा संघ 1360 सालापासूनचा. शब्दाच्या मुळाशीच डागडुजी आहे हे कळलं, तेव्हा मला फार बरं वाटलं.

म्हणून सोफा दुकानात आला की आधी उलटा करतो. खालचं काळं कापड उचकटून पट्टे अंगठ्याने दाबून बघतो. पट्टा ढिला असेल तर वर कितीही भारी कापड लावा, चार महिन्यांत खड्डा पडतो. बैठकीला 40 घनतेचा फोम घालतो, म्हणजे एका घनमीटरला 40 किलो. पाठीला हलका चालतो. दिवसभर ऊन येणाऱ्या खिडकीशी सोफा असेल तर रेक्झिन नको म्हणून स्पष्ट सांगते. आपल्या सोलापूरच्या उन्हात ते कडक होऊन तडकतं.

गेल्या वर्षी अशोक चौकातल्या एक आजी चादर घेऊन आल्या. त्यांचे यजमान चादरीच्या कारखान्यात मागावर होते, त्यांच्याच हातची ती चादर. "पोरी, ही त्यांच्या खुर्चीला लाव," म्हणाल्या. सोलापुरी चादर अंगावर घ्यायची. सोफ्याच्या कापडासारखी ती खेचली तर वीण सरकते. दोनदा भिजवून आटवून घेतली, पाठीमागून मांजरपाट शिवला, मग कुठे ताण दिला. दोन्ही बाजूंनी नक्षी, एकीकडे मोर लाल तर दुसरीकडे पांढरा. आमच्या कारागीर मास्तरांना लाल मोर वर हवा होता. आजींनी पांढरा मागितला, कारण यजमान तीच बाजू वर ठेवून झोपायचे.

मोर बैठकीच्या बरोबर मध्यावर यावा म्हणून तिघांनी मिळून चार वेळा कापड सरकवलं. उरलेल्या दोन पट्ट्या घडी घालून आजींच्या पिशवीत ठेवल्या.