दिवेघाट, एकादशी आणि माझा डावा गुडघा

एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले होते, "रोज दोन किलोमीटर चाला, पुष्कळ झालं." माउलींच्या पालखीचा पुणे ते सासवड हा टप्पा सुमारे 30 किलोमीटरचा. अख्ख्या वारीतली सगळ्यात मोठी मजल, शेवटाला दिवेघाट, आणि बहुतेक वर्षी त्याच दिवशी योगिनी एकादशी, म्हणजे पोटात फक्त साबुदाणा.

सासूबाई 72 वर्षांच्या, यंदा त्यांची 21वी वारी. "मला नाही जमायचं, आई," म्हटल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "तुला जमवायला सांगितलंय कुणी?" तेव्हा मला ती फिरवाफिरवी वाटली. तरी डॉक्टरांना पुन्हा विचारून आले. ते म्हणाले, पट्टा बांधा, दुखलं की थांबा, हट्ट करू नका. तुमचंही काही दुखणं असेल तर हे विचारणं टाळू नका. विठोबावर भार टाकायचा म्हणजे गोळ्या घरी ठेवायच्या, असं नव्हे.

पालखीचा मुक्काम भवानी पेठेत पालखी विठोबाच्या देवळात असतो. आम्ही पहाटे अंधारातच निघालो आणि रथाच्या बरेच पुढे राहिलो. नवख्यांनी हेच करावं. रथाजवळ गर्दीच्या चालीने चालावं लागतं, मनात येईल तिथे टेकता येत नाही. हडपसरला दोन्ही पालख्यांच्या वाटा फुटतात. तुकोबांची लोणी काळभोरकडे जाते, आपली सासवडकडे. बायकांनी स्वच्छतागृहाचं काम हडपसरलाच उरकावं. पुढे सोय असते, पण रांग बघून तहान मारावीशी वाटते, आणि पाणी न पिता घाट चढणं हा शुद्ध वेडेपणा आहे.

साबुदाण्याच्या खिचडीवर तुटून पडू नका. वाटेत लोक प्रेमाने इतकी वाढतात की नाही म्हणवत नाही, आणि मग भर उन्हात जळजळ सुरू होते. केळी, राजगिऱ्याचे लाडू, मूठभर शेंगदाणे बरे. चप्पल जुनी, पायाला सरावलेली. तुटली तर रस्त्यात फुकट शिवून देणारे चांभार बसलेले असतात. नवे बूट घालून आलेला एक मुलगा उरुळीपर्यंत अनवाणी झाला होता. अंगावर घ्यायला प्लास्टिकचा लांब कागद; बाकी सामान दिंडीच्या ट्रकमध्ये. आपला दिंडी क्रमांक आणि रथापुढे की रथामागे, हे कागदावर लिहून खिशात ठेवा, कारण फोन लागत नाही.

वडकी नाल्याला विसावा. पाय पुरते गेले होते. माघार घ्यायची तर इथेच, कारण एकदा घाट लागला की गाडी नाही. रस्ता वाहनांना बंद असतो. मी रडकुंडीला येऊन वर बघितलं. वळणावळणाने भगव्या पताकांची रेघ चढत होती, आणि ती माथ्यापर्यंत कुठेच तुटत नव्हती. मी वळणं मोजायला लागले. सासूबाईंनी माझ्या हातात टाळ दिले. "मोजू नको. हे वाजव."

टाळ वाजवताना मोजता येत नाही, एवढंच त्यातलं गुपित. पुढच्या बाईच्या डोक्यावरचं तुळशीवृंदावन बघायचं आणि पाय टाकायचा. कुणीतरी पाठीला हात लावून "चला माउली" म्हणून पुढे निघून जायचं. चेहरा दिसायचा नाही. रथाला घाटासाठी जादा बैलजोड्या जुंपतात. प्रत्यक्ष माउलींना जास्तीचे बैल लागतात तर मला हात लागले यात लाज कसली, असं मनात आलं आणि मी हसले. खाली मस्तानी तलाव दिसत होता. गेल्या दोन वर्षांत मी इतकी मोकळी हसले नव्हते.

घाट चार-एक किलोमीटरचा असेल. माथ्यावर विठ्ठलाच्या उंच मूर्तीपाशी टेकले. झेंडेवाडीला पोचल्यावर लक्षात आलं, गुडघ्याचा पट्टा वडकीलाच राहिला होता. चमत्कार वगैरे म्हणणार नाही, दुसऱ्या दिवशी गुडघा टम्म सुजला. जोडीला दुसरा पट्टा ठेवा. सासवडला पालखी दोन रात्री असते, त्यामुळे एका टप्प्यापुरतं येणाऱ्यांना पाय पसरायला दिवस मिळतो. सोपानकाकांची समाधीही तिथेच आहे. परतीची वाहनं दिवेघाट बंद असेल तर बोपदेव घाटाने जातात, वेळ हाताशी ठेवा.

मुक्कामी सगळ्या दिंड्या मिळून करतात ती समाजआरती मात्र चुकवू नका. चोपदारांनी चोप, म्हणजे हातातला दंड, उंचावला की हजारो टाळ एका क्षणात गप्प होतात. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर तेवढीच टाळ वाजवत राहते. मग हरवल्या-सापडल्याची यादी. एक पाकीट, दोन मोबाइल, कुणाची तरी काठी, आणि "गुडघ्याचा निळा पट्टा, एक."

मी कडेला पथारीवर होते. उठायला गेले, उठताच येईना. पट्टा आणायला सासूबाईच गेल्या.