पिवळ्याचा हिशेब

सांगलीत पिवळ्या रंगाची शिफारस कुणी करावी लागत नाही. मार्केट यार्डाच्या बाजूनं गेलं की हळद आधी नाकात शिरते, मग डोळ्यात. त्यामुळं गाजर, पपई, भोपळा आणि हळद आमच्या डोक्यात एकाच खात्यावर जमा. पण ‘अ’ जीवनसत्त्वाच्या खात्यात हळदीच्या नावावर जवळपास काहीच नाही. तिचा पिवळेपणा कर्क्युमिन या रंगद्रव्याचा, गाजराचा केशरीपणा बीटा कॅरोटीनचा, आणि शरीर ‘अ’ बनवतं ते या कॅरोटीनपासून. शेवग्याच्या पाल्यात हेच कॅरोटीन भरपूर असतं, फक्त हिरव्या रंगाखाली दडलेलं.

त्याहून गंमत तुपाची. गाय चाऱ्यातलं थोडं कॅरोटीन दुधात तसंच उतरवते, म्हणून तिचं तूप पिवळं. म्हैस त्याचं आधीच रेटिनॉल करून टाकते, म्हणून तिचं पांढरंशुभ्र. रेटिनॉल म्हणजे तयार ‘अ’. दूध, अंड्याचा बलक, कलेजी यांतून ते येतं आणि बहुतेक सगळं अंगी लागतं. म्हशीच्या तुपाला रंगावरून नाक मुरडणाऱ्यांनी हे जरूर ऐकावं.

भाजीतल्या कॅरोटीनची वाट लांबची. आधी पेशींच्या भिंतीतून सुटायचं, मग स्निग्धात विरघळायचं, पित्तरसाच्या मदतीनं आतड्याच्या अस्तरात शिरायचं. तिथं एक विकर, म्हणजे एन्झाइम, त्याचे दोन तुकडे करतं, तेव्हा कुठं ‘अ’ हाती लागतं. भाजीतल्या 12 मायक्रोग्रॅम बीटा कॅरोटीनचा हिशेब 1 मायक्रोग्रॅम रेटिनॉल असा धरतात. तेच तेलात विरघळलेलं असेल तर 2 पुरतात.

आमची आत्या मेथी परतताना म्हणते, “तेल सुटू दे की जरा, घाई कशाला?” तिला कॅरोटीनशी देणंघेणं नाही, पण चिरणं, शिजवणं, फोडणी, सगळं त्याच्या सोयीचंच. बिनतेलाचं उकडलेलं गाजर खाणाऱ्या पुण्याच्या भाच्यानं चमचाभर तेल घ्यायला हरकत नाही. चमचाभरच, मिसळीची तर्री या कारणासाठी मागू नये.

गाजरं अती झाली तर शरीर रूपांतराला हात आखडता घेतं आणि फार तर तळहात पिवळे पडतात. तयार रेटिनॉलला असा लगाम नाही. ते यकृतात साठत जातं आणि अती झालं की बाधतं, गरोदरपणात तर पोटातल्या बाळालाही. लहान मुलांना ‘अ’चा डोस सहा-सहा महिन्यांच्या अंतरानं, मोजूनच पाजतात तो त्यामुळंच.